दादाच्या हातातली दानाची थैली

"बाई, जय ख्रिस्त. वय ४१, नोकरी बँकेत, राहायला शरणपूर रोडला. आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. आई गेल्यापासून मोठा दादा हेच माझं माहेर. २०२४ च्या लोकसभेपासून आमचं बिनसलं. ज्या पक्षाचे लोक आमच्या प्रार्थनासभांकडे संशयाने बघतात, त्याच पक्षाचं उपरणं गळ्यात घालून दादा फिरला. म्हणतो, 'सत्तेत आहेत त्यांच्याशी जुळवून घेतलं तरच आपल्या चर्चची, मंडळीची जागा शाबूत राहील.' विधानसभेला आणखी पेटलं. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी त्याला बोलले. एका ग्रुपचे दोन ग्रुप झाले. मतदानाच्या आदल्या रविवारी पाळकसाहेबांनी पुलपिटावरून नाव तेवढं घेतलं नाही, बाकी सगळं सांगितलं. दादा चर्चच्या कमिटीवर आहे. गेल्या महिन्यात दानाची थैली घेऊन तोच आमच्या बाकापाशी आला. मी पाकीट पर्समधून काढलंच नाही. प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी उठून बाहेर आले, ती आजतागायत गेलेली नाही. सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, 'तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात?' रात्री प्रार्थनेला बसते तर शब्द येत नाहीत. माझा विश्वास गेला का? मंडळी बदलू का?"
– स., नाशिक

प्रिय स.,

जय ख्रिस्त. तुमचं पत्र फुलस्केपची सात पानं होतं, वर छापलंय ते त्याचं सार. मी जुनी मास्तरीण, मोजायची खोड जात नाही. सातातली साडेपाच पानं दादावर आहेत, एक पाळकसाहेबांवर, आणि देवाच्या वाट्याला शेवटचं अर्धं पान. त्यातही दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकते, कारण त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही. विश्वास गेलेल्या माणसाला प्रभुभोजन चुकल्याचं इतकं लागत नाही. तो रविवारी उशिरा उठतो, मिसळ खायला जातो आणि सकाळ मोकळी मिळाली म्हणून खूश असतो. तुम्ही महिनाभर झोपेत कूस बदलताय.

आता पाचव्या पानाकडे येते. त्याच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, तुम्ही एक वाक्य लिहिलंय. ते इथे छापू का असं मी फोनवर विचारलं, तुम्ही जरा थांबून हो म्हणालात. ग्रुपवर तुम्ही दादाला लिहिलं होतं: "पक्षाने कर्ज फेडलं का रे तुझं?" मंडळीतल्या दीडशे माणसांसमोर. त्याच्या कर्जाची गोष्ट तोवर घरच्यांनाच माहीत होती.

डोंगरावरच्या प्रवचनातलं ते वचन तुम्हाला तोंडपाठ असणार: दान घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान दे. तुम्ही पत्रात ते उद्धृतही केलंय, स्वतः उठून गेल्याचं समर्थन म्हणून. मत्तयाचा पाचवा अध्याय काढा आणि तेविसावी ओळ सावकाश वाचा. तिथे 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे' असं नाही. 'भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे' असं आहे. चाळीस वर्षं मीही ते उलटंच वाचत आले. आपल्याला काय लागलं याची यादी आपल्याजवळ तयार असते. त्याला काय लागलं, हे आठवायला वेदीपर्यंत जावं लागतं. आणि दान ठेवून निघायचं ते भावाच्या घराकडे. तुम्ही निघालात ते रिक्षा करून स्वतःच्या घरी.

रागावू नका. मला हे बोलायचा थोडा अधिकार आहे, तो कसा ते सांगते.

मी नाशिकरोडची. वडील प्रेसमध्ये होते, धाकटे काका रेल्वेत. १९७७ च्या निवडणुकीत वडील इंदिराबाईंच्या बाजूचे आणि काका जनता पक्षाचे. आणीबाणीत काकांच्या युनियनमधल्या दोघा मित्रांना आत टाकलं होतं. वडील म्हणायचे, गाड्या वेळेवर धावत होत्या की नाही ते सांग. हे वाक्य ते काकांना म्हणाले, रेल्वेतल्या माणसाला! मार्चमध्ये निकाल लागला त्या रात्री काकांनी गल्लीत पेढे वाटले, आमच्या दारावरून पुढे गेले. त्यानंतर दोघं एकाच देवळात (आमच्याकडे चर्चला देऊळ म्हणायचे तेव्हा) डाव्या आणि उजव्या बाकांवर बसू लागले. मी अकरा वर्षांची. चुलतभावाशी बोलायचं की नाही, हे मला कोणी सांगितलं नाही, मी आपणच बंद केलं.

डिसेंबर आला. आजीने फराळ केला. करंज्या, शंकरपाळे, अनारसे. पितळी डबा घासूनपुसून भरला, वर फडकं बांधलं आणि मला म्हणाली, "काकाकडे देऊन ये." मी म्हटलं, बाबा रागावतील. ती म्हणाली, "करंजीला कुठं मत असतं? जा." काकूने डबा घेतला, आत गेली, बराच वेळ आली नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी. काका खाटेवर पेपर वाचत होते, पेपर खाली झाला नाही. शेवटी काकूने डबा परत दिला तो जड लागला. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तेवढ्यासाठी तिने त्यात गूळ घातला होता, एक मोठा खडा. आजीने तो गूळ त्याच संध्याकाळी वडिलांच्या चहात घातला आणि सांगितलं नाही. आठवड्याने सांगितलं. वडील एवढंच म्हणाले, "तरीच."

पुढे काय झालं विचाराल तर फार काही नाही. दोघांनी मरेपर्यंत वेगवेगळ्या चिन्हांवर शिक्के मारले. १९८० ला इंदिराबाई परत आल्या तेव्हा वडिलांनी पेढे वाटले, आणि काकांच्या घरी ते आधी पाठवले. मुद्दाम, चिडवायला. काकांनी खाल्ले.

तुमचा दादा नेमका कशाला घाबरलाय, ते तुम्ही त्याला कधी विचारलंय का? तुमच्या पत्रात तो दोनदा 'जागा' म्हणतो. मिशनच्या जुन्या जागा, स्मशानभूमी, शाळांच्या इमारती यांचे दावे किती मंडळ्यांना वर्षानुवर्षं कोर्टात फिरवतात, हे बँकेत काम करणाऱ्या बाईला मी सांगायला नको. कमिटीवरचा माणूस कागद बघतो आणि त्याची झोप उडते. तुम्ही प्रार्थनासभांच्या बातम्या बघता आणि तुमची उडते. त्याने काढलेला उपाय मला पटत नाही, हे इथे लिहून ठेवते. बळवानाच्या सावलीत उभं राहून आपलं छप्पर वाचतं असं मला वाटत नाही. पण तो पैसे घेऊन उपरणं घालणारा लोभी माणूस आहे, असं तुम्ही दीडशे जणांना सांगितलंत, आणि त्याला तुमच्याही पत्रात कुठे आधार दिसला नाही.

येशूने बारा जण निवडले, त्यात मत्तय होता आणि शिमोन जिलोत होता. मत्तय जकातदार, म्हणजे रोमी राज्यासाठी पैसा गोळा करणाऱ्यांतला. जिलोत या नावामागे राष्ट्राभिमानाची धग आहे. त्या काळच्या यहुद्यांत अशा दोघांनी एका ताटात जेवणं म्हणजे काय, कल्पना करा. शुभवर्तमानात त्यांच्यातल्या एकाही वादाची नोंद नाही, समेटाचीही नाही. मला ते रिकामेपण आवडतं. तीन वर्षं एकत्र चालले असतील तर कधीतरी रस्त्यात जकात नाका लागलाच असेल की. बाकी शिष्य फार शहाणे होते असंही नाही. शोमरोनी गावाने थारा दिला नाही तेव्हा याकोब आणि योहान म्हणाले, प्रभू, आकाशातून अग्नी पाडू का? प्रभूने धमकावलं ते या दोघांना, गावाला नाही. मग ते दुसऱ्या गावी गेले.

आणि घरातल्या घरात दोन टोकं असली तर काय करायचं, त्यासाठी लांब जायला नको. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या नवऱ्यापासून काही वर्षं दूर राहिल्या. पुन्हा संसार सुरू केला तेव्हाही हिंदूच होत्या आणि सोवळं पाळत होत्या. एका छपराखाली एक ख्रिस्ती उपदेशक आणि एक सोवळ्यातली बाई. जातीचा पीळ हळूहळू, आपला आपणच सुटला, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावर पोटभर हसत. दोघांतल्या त्या दरीपुढे तुमची आणि दादाची दरी मला तरी लहान वाटते.

आता पाळकसाहेब. इथे मी तुमच्या बाजूने आहे, पूर्ण.

'मंडळीत राजकारण नको' असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. हे वाक्य बहुधा तोच म्हणतो, ज्याचं राजकारण आधीच नीट चाललेलं असतं. आपल्या बऱ्याच घरांचे पणजोबा गावकुसाबाहेरचे. काळाराम मंदिराचं दार उघडावं म्हणून २ मार्च १९३० ला जे सत्याग्रहाला उभे राहिले, त्यांत आपल्या पणजोबांचे भाऊबंद असणार. अनुसूचित जातींत कोणाला धरायचं हे ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशात पुढे १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. ज्याच्या मुलाचा कॉलेजचा फॉर्म या एका ओळीवर अडतो, त्याला 'राजकारण बाहेर ठेव' कसं सांगणार? अन्यायाबद्दल पुलपिटावरून बोलावंच. बायबलमधले संदेष्टे आमोस आणि मीखा दुसरं काय करत होते?

पण अमक्याला मत द्या हे सांगणं वेगळं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, आणि १९८८ च्या एका कायद्याने धर्मस्थळाची जागा राजकीय प्रचाराला वापरायला सरळ मनाई आहे. देऊळ, मशीद, चर्च सगळ्यांना तो लागू. पाळकसाहेबांना भेटा. ग्रुपवर नको. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलाय: आधी एकट्याने, मग एकदोघांना घेऊन, आणि मग मंडळीपुढे. उपासना संपल्यावर वेस्ट्रीत, पाळकांच्या खोलीत जा, दार लोटून घ्या, आणि म्हणा, "साहेब, त्या रविवारी मला वचन मिळालं नाही, प्रचार मिळाला." एवढंच. तुमच्या विरोधी बाजूच्या उमेदवाराबद्दल ते बोलले म्हणून तुम्हाला राग आला, की कोणाहीबद्दल बोलले असते तरी आला असता, हे मात्र जाण्याआधी स्वतःला विचारून घ्या. वेस्ट्रीत ते तुम्हाला विचारतीलच.

खालच्या मजल्यावरच्या काकूंचं थोडक्यात. त्यांना चहाला बोलवा आणि रस्त्याच्या नावाची गोष्ट सांगा. शरणपूर रोड म्हटलं की आज शोरूम आणि सिग्नल डोळ्यांपुढे येतात. पण शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव. १८५० च्या दशकात मिशनने ही वस्ती वसवली, घरातून काढलेल्यांसाठी, अनाथांसाठी. पुढे अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे आली, नाशिकच्या शाळेत शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत वारले, तेव्हा अंत्यविधीची उपासना वाचणारा जेकब वेनराइट हा याच शाळेचा विद्यार्थी. लिव्हिंग्स्टनच्या देहासोबत तो लंडनपर्यंत गेला. काकूंना हे नक्की आवडेल, कारण नाशिकबद्दल आहे. 'कधी झालात'चं उत्तर द्यायचं असेल तर द्या: पणजोबांच्या वेळी. नसेल द्यायचं तर साखर किती चमचे ते विचारा. संविधानाच्या २५ व्या कलमात 'सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य' असे शब्द आहेत, ते धर्माच्या आधी येतात. वेळ आली तर काकूंना जरूर ऐकवा. मात्र ऐकवताना लक्षात असू द्या की ते दादालाही लागू आहेत. मतदानयंत्रासमोर तो उभा राहतो तेव्हा पडद्याआड तो आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी. तिथे तुम्हाला प्रवेश नाही.

प्रार्थनेत शब्द येत नाहीत म्हणता. उसने घ्या. पंचावन्नावं स्तोत्र काढा, बाराव्या ओळीपासून. निंदा करणारा शत्रू असता तर सोसलं असतं, पण तो तर तू, माझ्या बरोबरीचा, माझा सोबती. आपण मिळून देवाच्या घरी जात होतो. दाविदाने तुमच्या बाकावर बसून लिहिल्यासारखं आहे. पुढच्याच ओळीत तो त्या मंडळींना जिवंतपणी अधोलोकात पाठवतो, तीही वाचा, मोठ्याने वाचा, घरात कोणी नसताना. देवाने ते पुस्तकातून वगळलं नाही, म्हणजे त्याला ऐकायची सवय आहे. मग एक कठीण काम. पौल तीमथ्याला लिहितो, राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा. ते लिहिलं तेव्हा राज्य रोमचं होतं आणि कोणाला मत विचारत नव्हते. तुम्हाला ज्या पुढाऱ्याचा चेहरा टीव्हीवर आला की चॅनल बदलावंसं वाटतं, त्याचं नाव रोज रात्री एकदा घ्या. त्याला सुबुद्धी दे, असं नको. ती प्रार्थना नसते, टोमणा असतो. त्याच्या गुडघेदुखीसाठी, त्याच्या नातवंडांसाठी करा. मी एका माणसासाठी गेली कित्येक वर्षं करतेय. मत अजून त्याला दिलेलं नाही.

मंडळी बदलू का, हा तुमचा दुसरा प्रश्न. ईस्टरपर्यंत नको. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जावंसं वाटलं तर खुशाल जा, मीही जाते, गर्दीत मेणबत्ती धरून उभं राहिलं की माणूस जरा आपल्या मापावर येतो. पण दुसऱ्या मंडळीत नाव घालायचं म्हणाल तर तिथेही कमिटी आहे आणि तिथेही कोणाचा तरी दादा थैली घेऊन फिरतो. करिंथच्या मंडळीत तर मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा असे चार तट होते, आणि पौलाने त्यांना पत्र लिहिलं, दाखले देऊन दुसरीकडे पाठवलं नाही. ईस्टरनंतरही पाळकसाहेब तेच करत असतील आणि कमिटी ऐकत नसेल तर मला कळवा, मग आपण वेगळं बोलू.

आधी दादाकडे जा. फोन करून जाऊ नका, नाहीतर वहिनी स्वयंपाकाला लागतील आणि दादा बाहेर निघून जाईल. संध्याकाळी साडेसातला, तो घरी असतो तेव्हा. कर्जाबद्दल बोलले ते चुकलं, हे एक वाक्य बोला. 'पण तूसुद्धा' हे शब्द जिभेवर येतील, ते गिळा, निदान पहिला चहा संपेपर्यंत. पक्षाचा विषय त्याने काढला तर म्हणा, त्यावर भांडायला पुढच्या शनिवारी येते. आणि माफी जिथे दुखावलं तिथेही मागायची: ग्रुपवर, दोन ओळीत, दोन्ही ग्रुपवर. याला दादाला भेटण्यापेक्षा जास्त धैर्य लागेल असा माझा अंदाज आहे.

या नाताळात फराळाचा डबा त्याच्याकडे गेला नाही, असं तुम्ही तिसऱ्या पानावर लिहिलंय. आता करंज्यांचे दिवस नाहीत, पण आईच्या हातची कुठली तरी एक भाजी दोघांनाही आवडत असेलच. ती घेऊन जा. डबा परत मागायची घाई करू नका, वहिनींच्या ओट्यावर राहू द्या.

मला पुन्हा लिहा. या वेळी दादाला दीड पानापेक्षा जास्त जागा देऊ नका.

तुमची,
बाई